हात लावून वाचा

"ताई, हात द्या इकडे."

मी हात दिला नव्हता. लेखकांनीच धरला आणि पुस्तकावर ठेवला. माझी बोटं कव्हरवरून फिरवली. लहान पोराला पाटीवर अक्षर गिरवायला लावतात, तशी.

"हात लावून वाचा. कागदाचा वास घ्या. पुस्तक असं वाचायचं असतं."

माइक त्यांच्याच हातात होता. सगळ्या सभागृहात ऐकू गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला दिसत नाही. लहानपणी थोडं दिसायचं, मग कमी कमी होत गेलं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. तालुक्याच्या एका कार्यालयात मी फोन घेते. पुस्तकं वाचते तीही फोनवरच. फोन बोलतो, मी ऐकते.

सभागृह भंडाऱ्याचं. लेखक नागपूरचे, मोठ्या घरातले, मोठ्या नावाचे. त्यांची नवी कादंबरी आली होती. फक्त छापील. मोबाईलवर नाही, आवाजात नाही. त्या दिवशी कादंबरीपेक्षा त्याच गोष्टीवर जास्त बोलणं झालं. एक रिटायर गुरुजी म्हणाले, फार चांगलं केलं सर, पोरांच्या हातात पुस्तक तरी येईल. मग चिखल्याच्या मँगनीज खाणीत काम करणारा एक जण उभा राहिला.

"सर, आमच्याकडं पुस्तकाचं दुकान नाही. ड्युटीवर जाता-येता मोबाईलवरच वाचतो आमी. तिथं देता येईन काय?"

"मोबाईलवर रील पाहा भाऊ. कादंबरीला बूड टेकून बसावं लागतं."

सगळे हसले. त्या हसण्यातच मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"सर, मला दिसत नाही. मी फोनवर ऐकते. मला फाईल द्याल का?"

त्याचं उत्तर म्हणून तो हात आला.

मी तिथं हौसेनं गेले नव्हते. भीतीनं गेले होते. कारण ती कादंबरी आमच्यावर आहे.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही पुनर्वसनात आलो. लेखक साहित्य गोळा करायला आमच्या नव्या गावात यायचे. आमच्या ओसरीत बसायचे. माय त्यांना मच्छीचा रस्सा आणि भात वाढायची. आमच्या घरी जेवले म्हणून मायला त्यांचं कौतुक. बौद्ध मोहल्ल्यात एवढा मोठा माणूस कधी जेवला होता? ते विचारायचे, मी सांगायचे. गाव उठलं तो दिवस. नवी घरं होईतो राहायला दिलेले टिनाचे शेड. शेडमधली गरमी.

एकदा माय विहिरीवर गेली होती. त्या दिवशी मी त्यांना शेडमधली एक गोष्ट सांगितली. पुनर्वसनाच्या प्लॉटचं काम पाहणारा ठेकेदाराचा एक माणूस. दुपार. माय-बाबा कामावर. तेव्हा मी शाळेत जाणारी पोरगी होते, आणि मला तेव्हाही नीट दिसत नव्हतं. मी आवाजावरून त्याला ओळखलं. तो माणूस आता आमच्या भागात पुढारी आहे. त्याच्या आवाजात लाउडस्पीकरवरून भाषणं होतात.

सांगून झाल्यावर मी म्हटलं, "सर, हे लिहू नका."

"नाही लिहिणार ताई. शब्द देतो."

पुस्तक आलं. गावात कुणी कुणी आणलं. आणि माझ्याभोवतीचे आवाज बदलले.

मी नळावर गेले की बाया गप्प व्हायच्या. आधी बोलणं ऐकू यायचं, मग नुसती पाण्याची धार. शेजारची काकू एकदा जवळ येऊन म्हणाली, "तुयाबद्दल लिवलं हाये म्हणते बाई त्याच्यात."

"काय लिवलं?"

"मी नाही सांगत बापा."

भावाला म्हटलं, वाचून दाखव. तो वाचायला बसला. चांगलं वाचत होता. आमची नदी, आमचं देऊळ, आमचा विहार. मधेच थांबला. पान उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक पान. पुन्हा एक. आवाज फक्त कागदाचा. भावाचा नाही.

"काहून थांबला?"

"काई नाही. धरणाचं वर्णन हाये. बोअर हाये."

"मंग वाच ना."

"तुले कायले पाह्यजे ते?"

तो खोटं बोलत होता. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते गावाला माहीत, भावाला माहीत, शेजारणीला माहीत. फक्त आपल्याला नाही. या भीतीला तोंड नसतं. रस्त्यानं जाताना कोण काय पाहत असेल, कळायचं नाही. कार्यालयात फोन उचलताना वाटायचं, आता तोच आवाज येईल. एका दुपारी आमच्या दारापुढे मोटारसायकल थांबली. कोणी उतरलं नाही. कोणी हाक मारली नाही. इंजिन सुरूच होतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. थोड्या वेळानं ती निघून गेली. कोण होतं, आजही माहीत नाही.

म्हणून मी भंडाऱ्याला गेले होते. आणि माझा हात धरून पुस्तकावर फिरवला गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी आधी लहान झाले. अगदी शेडमधल्या पोरीएवढी. मग डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी हात ओढून घेतला. पुस्तक मात्र सोडलं नाही. काखेत धरलं आणि बाहेर आले.

घरी दार लावून बसले. फोनमध्ये एक सोय आहे. पानाचा फोटो काढला की फोन ते वाचून दाखवतो. माझ्यासारखीला फोटो नीट कुठून येणार? कधी अर्धं पान यायचं, कधी माझा अंगठाच. फोन भलतेच शब्द म्हणायचा. मी पुन्हा काढायचे. रोज दुपारी सुट्टीच्या वेळात कार्यालयात, रविवारी घरी. कुणाला मागितलं नाही. कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

मग ती पानं आली.

शेड. दुपार. आंधळी पोरगी. माणूस आत येतो. फोन त्याच्या सपाट आवाजात वाचत होता, बाजारभाव वाचावे तसे. त्या पानात पोरगी गप्प राहते. अंधाराला अंधार भेटला, असं काहीतरी सुंदर लिहिलंय. पोरीला बरं वाटलं असावं, असंही.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा लावलं, पाठ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन लावला.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"कशाबद्दल बोलताय ताई?"

मी त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. जसंच्या तसं. मग ते म्हणाले,

"तुम्ही वाचलंत कसं?"

चुकलो, नाही म्हणाले. दुखावलं का, नाही विचारलं. वाचलंत कसं.

तेव्हा मला कागदाच्या वासाचा अर्थ कळला. पुस्तक फक्त छापील का ठेवलं, तेही.

संध्याकाळी मी माय आणि भावाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. भाऊ रडला. माय म्हणाली, "बोलू नको पोरी. तो पुढारी मोठा माणूस हाये. जगू देणार नाही आपल्याले."

माय खोटं बोलत नाही. तिला भीती वाटते. मलाही वाटते.

येत्या रविवारी आमच्या विहारात त्या कादंबरीवर चर्चा आहे. लेखक येणार आहेत. पुढारीही पाहुणा म्हणून येणार, असं ऐकलं. मी जाणार. माइक मागणार. दिला नाही तर बिनमाइकची बोलणार, फोन घेऊन घेऊन माझा आवाज चांगला दूर जातो. सांगणार, की शेडमधली पोरगी गप्प राहिली नव्हती. ती किंचाळली होती. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला होता, रक्त तोंडात येईपर्यंत. आणि मनगट कोणाचं होतं, ते नाव घेऊन सांगणार.