भेग जुनी की नवी

साहेबानं आमच्या भिंतीच्या भेगेत नख घातलं. बाहेर काढलं. नखावरची माती फुंकली. म्हणाला, "ही भेग जुनी आहे. तुमच्या लोकांची घरं भूकंपाच्या आधीच फुटलेली असतात."

सोबतची माणसं हसली.

माझा बाप म्हणाला, "हाव साहेब."

मी नऊ वर्षांची होते. रेणापूरकडचं आमचं गाव. किल्लारीसारखं जमीनदोस्त नाही झालं, पण हादरलं. घरं तडकली. म्हणून कुणाला दुरुस्तीची मदत द्यायची ते बघायला साहेब वही घेऊन आला होता. आमची भेग एवढी मोठी होती की तिच्यातून शेजारच्या मावशीच्या चुलीवर कोणती भाजी शिजून ऱ्हायली ते दिसायचं. माझी लेक म्हणते, आई तू लई वाढवून सांगते. बरं, भाजी न्हाई दिसायची. धूर दिसायचा. पण भूकंपाच्या आदल्या सांजेला तिथं सुईसुद्धा शिरत नव्हती, हे मी कुठंही सांगीन. मातीची भिंत. तिच्या भेगेत नख घातल्यावर माती निघणार न्हाई तर काय केशर निघणार?

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी सरपंचाच्या घरामागं शेणाला गेले होते. त्यांचा गडी पहारीनं भिंत फोडून ऱ्हायला होता. सरपंच खुर्ची टाकून, बशीत चहा ओतून सांगत होते, "जरा वर घे. खिडकीपातुर ने." पक्की विटांची भिंत. आत विटा लालभडक, ताज्या. साहेबानं तिथं नख घातलं न्हाई. शिरा खाल्ला आणि वहीत लिहिलं.

तेव्हाच मला समजलं. भेग कधीची, हे भेगेवरून ठरत नसतं. घर कुणाचं, त्यावरून ठरतं.

आता मी लातूरला असते. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला अख्ख्या महाराष्ट्रातून लेकरं इथं येतात, खोल्या घेऊन राहतात, परीक्षा झाली की जातात. जाताना टेबल कोण पाठीवर नेणार? मी आधी त्या खोल्या झाडायला होते. एका पोरीनं जाताना टेबल दिलं, "मावशी, घ्या तुम्हाला." मी ते घासलं, पॉलिश मारलं, विकलं. मग दुसरं. मग गाळा भाड्यानं घेतला. मग लेकीनं मोबाइलवर जुन्या वस्तू विकायच्या ॲपमध्ये खातं काढून दिलं आणि माझी टेबलं परभणी, हिंगोली, नांदेड, कुठं कुठं जाऊ लागली.

जाहिरात मी स्वतः सांगायची, लेक टाइप करायची. "या टेबलावर तीन डॉक्टर पिकले, चौथा पाडाला आलाय." "हत्ती नाचला तरी डुगडुगणार नाही." लोक हसायचे आणि घ्यायचे. दुकानाचं नाव साधंच ठेवलं. आडनाव टाकलं न्हाई. का न्हाई, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं न्हाई.

धंदा म्हटलं की बिलंदर गिऱ्हाईकं आलीच. एकानं सगळा उन्हाळा कूलरखाली काढला आणि मृग लागल्यावर कळवलं, "हवा देत नाही, पैसे परत करा." एकीनं पुस्तकांचा संच परत पाठवला. "पानं सुटलेली होती." उघडून बघितलं तर प्रत्येक पुस्तक कण्यातून उलटं मोडलेलं, झेरॉक्सच्या काचेवर पालथं दाबलेलं. मला सगळं दिसत होतं. तरी दोन्ही वेळेस मी काय म्हणाले? "हाव सर. हाव मॅडम. माझीच चूक." पैसे दिले. वाटलं, भांडण नको. खातं नीट राहील.

खातं नीट राहिलं न्हाई. ॲपचा कायदा असा की तुम्ही चूक कबूल केली की ती तुमच्या नावावर चढते. तीन चढल्या की खातं बंद. दोन मी माझ्या तोंडानं चढवून घेतल्या होत्या.

तिसरी आली ती जूनमध्ये. ऐन हंगाम. नव्या पोरांचे प्रवेश चालू, गाळ्यात टेबलं छताला लागलेली. (तुळईला म्हणा.) हे खातं गेलं तर ती टेबलं चुलीत घालायची आणि पुन्हा झाडू हातात घ्यायचा. दुसरं काही नव्हतं माझ्याकडं.

तक्रार नांदेडहून. विष्णुपुरीकडं राहणारे एक सर, कॉलेजात शिकवणारे. पुतण्यासाठी सागवानी टेबल घेतलं होतं. पोचल्यावर "छान आहे" असं कळवलंही होतं. आठव्या दिवशी लिहिलं, "पाय आधीपासून चिरलेला होता. चिरेत लांबी भरून, वरून पॉलिश मारून फसवणूक केली." सोबत फोटो.

मी बांधण्याआधी प्रत्येक टेबल उलटं करून चारी पाय हातानं चाचपते. आई ज्वारी निवडायची तसं. तो पाय धड होता.

मी फोन लावला. "सर, जरा चिरेचा जवळून फोटो पाठवता का? मला नीट दिसून न्हाई ऱ्हायलं. म्हातारी झाले." चाळिशीतच आहे मी. पण पुराव्याला माणूस हौसेनं धावतो. सरांनी बॅटरी मारून झकास फोटो पाठवला. चिरेच्या आत लाकूड कसं? खोबऱ्यासारखं. फिक्कं, ताजं. जुनी चीर काळवंडते, तिच्यात मळ बसतो, पॉलिश झिरपतं. ही चीर कालपरवा जन्मली होती.

मी तसं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव काय?"

मी सांगितलं. आडनावासकट.

त्यांनी ते आडनाव एकदा पुटपुटून बघितलं. मग म्हणाले, "अच्छा. आधी सांगितलं असतं तर घेतलंच नसतं. तुमच्या लोकांच्या वस्तू जुन्याच निघायच्या."

आणि माझ्या तोंडातून आलं, "हाव सर."

फोन ठेवला तरी ते दोन शब्द गाळ्यातच फिरत होते. आवाज माझा नव्हता. बापाचा होता. तो मरून बारा वर्षं झाली, पण त्याचं ते "हाव" माझ्या जिभेखाली जिवंत होतं. कूलरवाल्याला तेच बोललं होतं. पुस्तकवालीला तेच. मी दोनदा नुसती भरपाई दिली न्हाई, दोनदा बापासारखी मान खाली घातली. जाहिरातीत आडनाव का लिहिलं न्हाई, तेही तेव्हा कळलं.

मी ॲपच्या माणसाला फोन केला. मऊ बोलणारा पुण्याकडचा आवाज. म्हणाला, "मॅडम, चीर नवीन की जुनी हे आम्हाला कळणार नाही. पण तुम्ही जाहिरातीत हत्तीचं लिहिलंय."

"काय?"

"'हत्ती नाचला तरी डुगडुगणार नाही.' ग्राहकानं त्याचा फोटो जोडलाय. त्यांचं म्हणणं, हत्ती नाचला नाही तरी मोडलं."

माझाच हत्ती माझ्या छातीवर बसला.

"मग मी काय करू, भाऊ?"

"चूक कबूल करा, किंवा ग्राहकाकडून तक्रार मागं घेतल्याचं लिहून आणा."

कबूल करावं तर तिसरी चूक, खातं बंद. न करावं तर निकाल सरांच्या बाजूनं, खातं बंद. दोन दारं आणि दोन्हींना बाहेरून कडी.

सकाळच्या एसटीनं नांदेडला निघाले. बसमध्ये इतकी गर्दी की माझा उजवा पाय थेट लोहा गाव आल्यावर जमिनीला टेकला. सरांची कॉलनी सापडली. मला वर बोलावलं न्हाई. सरांनी वॉचमनकडून टेबल खाली पार्किंगमध्ये आणवलं. मागं त्यांच्या बाई उभ्या. दोन शेजारी स्कूटर पुसता पुसता थांबले.

"बघा," सर म्हणाले. "डोळ्यांनी बघा."

मी बघितलं. आधी पाय न्हाई, वरची फळी. फळीवर रंगाचे थेंब होते, आणि त्या रंगातच उमटलेली पावलं. दोन. पाच-पाच बोटं, टाच, सगळं. वर मान करून पाहिलं, तर पहिल्या मजल्यावरची त्यांची गॅलरी त्याच ताज्या रंगानं चकाकून ऱ्हायली होती.

"सर," मी म्हणाले, "हत्तीच्या पायाला अशी माणसासारखी बोटं असतात का हो?"

स्कूटरवाला फिसकन हसला. वॉचमननं तोंड फिरवलं. बाईंनी सरांकडं बघितलं, मग फरशीकडं. सर लाल झाले. मी खाली बसले आणि चिरेत नख घातलं. अगदी त्या साहेबानं घातलं होतं तसं. बाहेर काढलं. फुंकलं. फुंकायला काही नव्हतंच.

"ही भेग नवी आहे," मी म्हणाले. "टेबलावर उभं राहून गॅलरी रंगवलीय. टेबल लिहायचं होतं, सर. शिडी न्हाई."

सर माझ्याशी बोललेच न्हाईत. शेजाऱ्यांना म्हणाले, "या लोकांशी कोण तोंड लावणार?" मग मला, हात झटकून, "ठेव ते पैसे. दान केलं समज."

पैसे वाचत होते. धंद्यातलं कुणीही म्हणालं असतं, घे आणि निघ. माझी जीभ उचललीसुद्धा, "हा"पर्यंत आली होती.

"न्हाई," मी म्हणाले.

लहानसा शब्द. चाळीस वर्षांत कुणा साहेबापुढं पहिल्यांदा काढला.

"दान नको. टेबल मी दिलं, पैसे तुम्ही दिले, हा सौदा हाय. तक्रार मागं घ्या आणि लिहा, टेबल आमच्याकडून मोडलं. एवढीच ओळ."

"मी लिहून देऊ? तुला?"

"मला."

त्यांनी लिहिलं न्हाई. लिफ्टमध्ये शिरले. मागोमाग बाईही गेल्या. शेजारी पुन्हा स्कूटर पुसायला लागले. हसले होते, पण साक्षीला कुणी आलं न्हाई. टेबल तिथंच तीन धड पायांवर उभं राहिलं.

मी पावलांचे फोटो काढून ॲपला पाठवले. आठवड्यानं उत्तर आलं. निकाल सरांच्या बाजूनं. खातं बंद. पार्किंगमध्ये मी जिंकले, अशी गोष्ट मला हवी तेवढी फुगवून सांगता आली असती. फुगवणार न्हाई. मी हरले. हंगाम गेला. अर्धी टेबलं अजून गाळ्यात आहेत आणि मी दोन वसतिगृहांच्या खोल्या पुन्हा झाडते.

पण गाळ्याच्या शटरवर आता माझं नाव आहे, आडनावासकट, लाल तैलरंगात, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं. प्रत्येक टेबलाच्या पोटाला खालून तेच नाव लिहिते. हत्ती काढून टाकला. जुनी चीर असली तर तिथं खडूनं गोल करते आणि लिहिते, जुनी. नसली तर लिहिते, नाही. वाचून ज्याला टेबल नको असेल त्यानं घेऊ नये. परवा एक जण शटर वाचून गाडीवरून न उतरताच गेला. जाऊ द्या.

आणि कुणी आलाच माझ्या दारात, स्वतः पाडलेली भेग माझ्या नावावर लिहायला, तर त्याला खुर्ची देईन, पाणी देईन, आणि त्याच्यादेखत भेगेत नख घालीन. लेकीलाही तेच शिकवलंय. तिचं नख आत्तापासूनच माझ्याहून लांब आहे. "हाव साहेब" मात्र मी तिला शिकवलं न्हाई. ते बापाकडून माझ्यापर्यंत आलं. इथून पुढं जाणार न्हाई.