एकाच झाडाला विचारलं म्हणून…

पौष संपत आला होता. मोखाड्याच्या स्टँडवर जव्हारची एसटी येऊन थांबली आणि ओळखीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच सांगितलं, "सिस्टर, तुमचे गफूरचाचा गेले. काल दुपारी." गाडी सुटायची होती, त्यामुळे त्याला जास्त बोलता आलं नाही. मी तिथंच बाकावर बसले. समोरची झाडं अजून थंडीतलीच होती… आणि मनात पहिला विचार आला तो हा, की यंदा थंडी गेली का, हे आता विचारायचं कुणाला?

गफूरचाचा पिंजारी. घर जव्हारला, पण दिवाळी झाली की कापूस पिंजायचं पिंजण खांद्यावर टाकून मोखाड्याला यायचे आणि बाजाराजवळच्या एका ओटीवर हिवाळाभर गाद्या-रजया भरून द्यायचे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच आले होते. आमची ओळख झाली ती एका सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलीमुळे. तासाभराच्या वाटेवरच्या पाड्यावर जनी नावाच्या बाईला मुलगी झाली, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. डॉक्टर म्हणाले, नाशिकपर्यंतचा प्रवास तिला सोसणार नाही, ऊब द्या आणि थेंबथेंब दूध पाजा. ऊब द्यायची म्हणजे मूल कापसात गुंडाळायचं, आणि आमच्याकडचा कापूस दोन दिवसांत संपला. मी ओटीवर गेले. चाचांनी हातातली गादी बाजूला सारली, नवा कापूस घेतला, दोनदा पिंजला, बोटांनी चाचपून सरकीचा कण न् कण काढला. मग म्हणाले, "मीही येतो. कुणाला पांघरूण घालतोय ते बघितलं पाहिजे."

त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी ताजा कापूस घेऊन आम्ही दोघं पाड्यावर जायचो. वाटेत एक काटेसावर होती. पिंजाऱ्याचं सावरीवर बारीक लक्ष, कारण तिचा कापूस उशांना लागतो. एका सकाळी तिच्यावर लाल फुलं दिसली. चाचा थांबले, वर बघत राहिले. "सिस्टर, थंडी गेली. आता एवढा कापूस नको, पोरगी घामेजेल." दोन दिवस ऊनही चांगलं पडत होतं. मला पटलं. आम्ही निम्मे थर काढले.

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडून वारा सुटला. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी दूध ओढत नव्हती, पावलं गार पडली होती, ओठ निळसर. मी तिला जनीच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून सगळा कापूस, त्यावर घोंगडी. चाचा अंगणात उकिडवे बसून राहिले. दुपार कलली तेव्हा मुलगी बारीक आवाजात रडली. जनीची सासू, कालीआजी, बाहेर येऊन म्हणाली, "दूध पियाला लागली."

चाचांनी डोळे पुसले. मी म्हटलं, "चूक माझीही आहे, चाचा. मी नर्स आहे."

"नाही. मी एकाच झाडाला विचारलं." मग आजीकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हांला कसं कळतं?"

आजी म्हणाली, "सावर नुसती फुलते. ती थंडीला भीत नाय. मोहाची पानं गळू दे, शेंड्याला कळं येऊ दे. मग थंडी मागं फिरत नाय."

त्या दिवसापासून चाचांना विचारण्याचं वेडच लागलं. एसटीच्या ड्रायव्हरला विचारायचे, घाटात काच किती वाजता पुसावी लागते? मास्तरांना विचारायचे, पोरं उन्हात बसतात की सावलीत? तांबट पक्षी कधी टुकटुक करायला लागला, कुसुंबाला तांबडी पालवी कुठल्या फांदीवर आधी आली, सगळं. पिंजणाची ताणलेली दोरी, ती तातसुद्धा ते कान देऊन ऐकायचे. दवाच्या सकाळी ती जड बोलते, हवा कोरडी झाली की खणखणते, असं त्यांनी मला छेडून दाखवलं. खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही. त्यांना मात्र ऐकायचं होतं, आणि मोहाला कळे येईपर्यंत आम्हां दोघांना थांबायचं होतं…

फाल्गुनात मोहाखाली पानांचा खच पडला. कालीआजीनं एक डहाळी वाकवून कळे दाखवले. चाचांनी त्यांना बोट लावून पाहिलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी मुलीचा शेवटचा कापूस काढला. जनीनं तिला पहिल्यांदा उन्हात आणलं. ती शिंकली. सगळे हसलो. ती मुलगी आता आश्रमशाळेत सातवीत आहे, आणि भांडखोर आहे.

परवा मी जव्हारला चाचांच्या घरी जाऊन आले. रुकैय्याचाची म्हणाल्या, शेवटच्या महिन्यात चाचांना उठवत नव्हतं. खाट आतल्या खोलीत होती. पहाटे अजान झाली की ते चाचींना दार उघडायला लावायचे, आणि बाहेर काय दिसतं ते सांगायला लावायचे.

"आता?" मी विचारलं.

"आताही जाग येते. दार उघडते." चाची म्हणाल्या. "आज दव कमी होतं. मी मागं वळून सांगितलं…"

खाट उचलून ठेवली होती. खोलीतली तेवढी जागा अजून मोकळीच होती.