बासिरू न्गोमचा अंगठा

थिएस शहराच्या रेल्वे कारखान्यात बासिरू न्गोमने तीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण वस्तीत त्याला फिटर म्हणून कोणी ओळखत नसे. तो ‘कोच’. वाळूच्या मैदानावर, फणसाएवढ्या जड झालेल्या चेंडूनं, त्यानं दोन पिढ्यांना फुटबॉल शिकवला. युरोपच्या मोठ्या लीगमध्ये टिकायला काय लागतं, हे तो, आमच्याकडे एका बैठकीत चहाच्या तीन फेऱ्या होतात, त्या तिन्ही संपेपर्यंत सांगू शकायचा. डावा पाय उजव्याइतका चालला पाहिजे. चेंडू पायाशी यायच्या आधी तो कुठे द्यायचा हे ठरलेलं पाहिजे. थंडी सोसता आली पाहिजे, त्यांची भाषा आली पाहिजे, आणि सहा महिने बाकावर बसवलं तरी तोंड वाकडं करता कामा नये. स्वतः बासिरू युरोपात कधी गेला नव्हता, पण तेवढ्यानं त्याचं कधी अडलं नाही.

या सगळ्याच्या वर त्याचा एक धडा होता. सामन्याआधी तो सगळ्या पोरांना रांगेत बसवायचा आणि एकेकाचा गुडघा, घोटा अंगठ्यानं दाबायचा. फिटरचा अंगठा तो, पान्यासारखा बसायचा. ज्याच्या कपाळावर आठी पडली, त्याचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात. पोरं लंगडत घरी जायची, पण कोचसमोर दगडासारखी बसायची. त्यांच्या आया याला शिस्त म्हणायच्या. आणि खोटं कशाला बोला, बासिरूलाही ती शिस्तच वाटायची.

त्याच्या हाताखालून मापाते निघाला. वस्तीतल्याच कुंबा नावाच्या बाईचा थोरला मुलगा, उंच, अबोल, आणि पायात वारा भरलेला. एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समधल्या एका मोठ्या क्लबनं त्याला नेलं. निरोपाच्या दिवशी कुंबाच्या अंगणात अख्खी वस्ती लोटली होती. समोरच राहणारी, चवळीची भजी तळणारी रोखाया गर्दीतून पुढे आली, मापातेच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, “काय पाय आहेत पोराचे. असे पाय देवानं दुसऱ्या कोणाला दिले नसतील.” म्हणाली आणि हसली. आमच्याकडे कोणाचं कौतुक केलं की लगेच ‘दृष्ट न लागो’ म्हणायचं असतं. ते आनंदाच्या भरात तिच्या तोंडून राहून गेलं. कुंबाचा चेहरा उतरला. दोन-चार बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

दीड वर्षानं मापाते कुबडीवर परत आला. गुडघ्यातली कूर्चा झिजून हाडाला हाड लागलं होतं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, मग क्लबनं करार संपवला.

बासिरू त्याला भेटायला गेला तेव्हा कुंबा आत भात उतरवत होती. मापातेनं आवाज खाली आणला आणि, बक्षीस मिळाल्याचं सांगावं तसं सांगितलं, “कोच, तिथला डॉक्टर दर सोमवारी तुमच्यासारखाच गुडघा दाबायचा. विचारायचा, दुखतंय का? मी एकदाही हललो नाही. चार महिने.”

“दुखत होतं?”

“रडू यायचं. पण खोलीत गेल्यावर.” मग जरा थांबून तो म्हणाला, “डॉक्टर नंतर चिडला. म्हणाला, पहिल्या आठवड्यात सांगितलं असतंस तर सहा आठवड्यांत मैदानावर असतास. म्हणाला, इथे टिकायचं तर पायाआधी तोंड खरं पाहिजे.”

बासिरूनं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. इतकी वर्षं काय काय लागतं ते सांगत आला, आणि नेमकं जे लागतं ते त्यानं पोरांमधून अंगठ्यानं पिळून काढलं होतं. तेवढ्यात कुंबा ताट घेऊन बाहेर आली. मुलाला काय झालं हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. तिला फक्त मान डोलावणारा हवा होता. तिनं विचारलं, “कोच, ही दृष्टच ना? रोखायाचीच ना?”

मापातेनं त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बासिरू म्हणाला, “असेल.”

बस्स, एवढंच. पण कोचचा शब्द म्हणजे वस्तीत शिक्कामोर्तब. आठवडाभरात रोखायाच्या कढईसमोरची रांग आटली. नवी नवरी तिच्या दारावरून जाताना पोट पदरानं झाकायची. पोरांना तिकडची वाट बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि चोर समोरच्या बाकावर बसून चहा पीत होता.

त्याला तो चहा गोड लागत होता असं मात्र कोणी समजू नये. त्यानं गुडघे दाबणं सोडलं. पोरांना विचारायला लागला, दुखतंय का? पोरं ताठ बसून म्हणायची, नाही कोच. तो पुन्हा विचारायचा, अजिजीनं विचारायचा, पोरं पुन्हा नाही म्हणायची. त्यांना वाटायचं ही नवी परीक्षा आहे. वस्ती जेवायला बसली की तो रोखायाकडून वीस भजी घ्यायचा आणि रुळांपलीकडे जाऊन बकऱ्यांना घालायचा, स्वतः एकही खायचा नाही. तिच्याकडे बघायचा नाही. तीही बघायची नाही, पुडी पुढे करताना डोळे खाली. ती रागावली आहे असं त्याला वाटायचं, आणि तिच्या रागाचंही त्याला बरं वाटायचं. दहा महिने त्यानं असे काढले.

मग रमजानची ईद आली. त्या दिवशी नवे कपडे घालून घरोघरी जायचं आणि एकमेकांना माफ करायचं, ही आमची रीत. ‘मला माफ कर’, ‘केलं, तूही मला कर’. कशाबद्दल ते कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. बासिरूनं या दिवसाकडे डोळे लावले होते. सकाळीच तो कुंबाच्या अंगणात गेला, तिचा हात हातात धरला आणि म्हणाला, “मला माफ कर, कुंबा.” ती म्हणाली, “केलं, कोच. तुम्हीही मला करा.” त्याला एकदम हलकं वाटलं. माफी मिळाली, देवाच्या साक्षीनं मिळाली, आणि तोंडही उघडावं लागलं नाही. तो चटईवर मापातेशेजारी बसला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

तो हात धूत होता तेव्हा रोखाया दारात आली. गेले दहा महिने तिनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तिच्या अंगावर जुनेच कपडे होते. ती कुंबासमोर जमिनीवर बसली.

“कुंबा, मी नुसतं माफ कर म्हणायला नाही आले. नाव घेऊन मागते. त्या दिवशी माझ्या तोंडून दृष्ट न लागो निघालं नाही. मी तुझ्या पोराचा पाय खाल्ला. माझी जीभच वाईट आहे.”

मापातेनं बासिरूकडे बघितलं, आणि या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

बासिरूच्या हातावरून पाणी ओघळत होतं. ती रागावलेली नव्हतीच तर. तिला सगळं खरं वाटत होतं. त्यानं आपल्या एका शब्दानं तिलाही पटवून दिलं होतं. त्याला स्वतःची किळस आली.

“तिची जीभ नाही, कुंबा,” तो म्हणाला. “माझा अंगठा.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं, सोमवारचा डॉक्टर, चार महिने, ती दुपार, ‘असेल’. मध्ये थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं म्हणून थांबला नाही.

कुंबानं मुलाला विचारलं, “खरं?” मापाते म्हणाला, “खरं.” मग ती बासिरूकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“सकाळी माफी मागितलीत ती याचीच?”

“हो.”

“मग ती मी परत घेते, कोच.”

ईदला दिलेली माफी कोणी परत घेतल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. बासिरूला मात्र ते बरोबरच वाटलं. रोखाया शिव्या घालेल म्हणून तो तिच्याकडे वळला. त्याला त्या हव्या होत्या.

“म्हणजे माझ्या बोलण्यानं नाही?” तिनं विचारलं.

“नाही, रोखाया.”

“नक्की? दुसऱ्या कोणाला होणार नाही?”

“नाही होणार. कोणाला?”

“माझ्या लेकीला मुलगा झाला,” ती म्हणाली. “आठ महिने झाले. शेजारच्याच गल्लीत. तिनं किती वेळा आणला. मी पदर तोंडावर ओढून घेत होते, बासिरू. म्हटलं, कौतुक केल्यावाचून राहवणार नाही, आणि त्याला काही व्हायचं. मी अजून त्याचा चेहरा बघितलेला नाही.”

ती उठली आणि चपला न घालताच निघाली. तो मागोमाग उठला तर ती म्हणाली, तू येऊ नकोस. तरी तो कोपऱ्यापर्यंत गेला. लेकीच्या दारात तिनं दोन्ही हात पुढे केलेले त्याला दिसले. मुलानं या अनोळखी बाईकडे बघितलं, आईचा गळा घट्ट धरला आणि भोकाड पसरलं.