दादाने आवळलेल्या तारा

आमच्या दादाला तार ढिली दिसली की चैन पडत नाही. त्याने आयुष्यभर द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा ओढल्या. त्यामुळे टिचकी मारल्यावर वाजत नाही ती तारच नव्हे, हा त्याचा कायदा. आणि मी मूर्ख, माझी जुनी शिडाची होडी पुण्याहून आणून उतरवली ती नेमकी याच्याच शेतात. येडगाव धरणाचं पाणी त्याच्या बांधाला लागतं, एवढाच मोह.

डोलकाठीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा पार गंजल्या होत्या. नव्या मागवल्या, बसवल्या आणि डोलकाठी सरळ उभी राहील इतक्याच बेताने आवळल्या. दादा कंबरेवर हात ठेवून बघत होता. तार दाबून म्हणाला, ही तर कपडे वाळत घालायची दोरी झाली. मी समजावलं, डोलकाठी म्हणजे काही तुझ्या मांडवाचा जमिनीत गाडलेला खांब नव्हे. तारा जास्त ओढल्या की डोलकाठी खाली होडीच्या अंगात घुसते. त्याने मान डोलावली. मान डोलावतो तेव्हा तो ऐकत नसतो, हे मला लहानपणापासून माहीत. तरी मी जेवायला गेले.

परत येऊन बघते तर मांडवाचा पाना घेऊन स्वारी तारा आवळायचे सगळे स्क्रू शेवटपर्यंत फिरवून मोकळी. तारा खणखणीत वाजत होत्या आणि डोलकाठीच्या बुडाशी फायबरला हा एवढा तडा. माझं डोकंच फिरलं. पुन्हा सगळं सोडा, तडा भरा, वाळायची वाट बघा. तुझ्या बागेत मी कधी कात्री चालवायला आले का, असं वहिनीला घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं.

तो पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "ढिल्या तारंनं माझी भरली बाग एका वाऱ्यात खाली बसली. तू एकटी यात बसून पान्यात जानार. मला पवता येत न्हाई. मी काठावरनं काय करू, सांग की."

धड चिडायचीही सोय ठेवली नाही या माणसाने.

तडा वाळल्यावर होडी पाण्यात घातली, तर हा लाइफ जॅकेट चढवून आधीच आत बसलेला. शिडात वारा भरला, होडी कलली आणि कललेल्या बाजूची तार सैल पडली. ती तशी पडतेच, मी सांगत होते. दादाने ती दोन्ही मुठींत गच्च धरली आणि परत येईपर्यंत सोडली नाही.