सव्वीस वर्षांचा गोंगाट

आमच्या बँडचं नाव इथे लिहीत नाही. घरात लहान मुलं असतात, ती मोठ्याने वाचणार आणि शिव्या मला बसणार. आम्ही पंक रॉक वाजवतो, लालबाग-परळमध्ये, गेली सव्वीस वर्षं. पंक म्हणजे काय असं लोक विचारतात. तीन माणसं, दीड मिनिटाचं गाणं आणि भरपूर राग, एवढंच. तिघांतली मी ड्रमवाली. दिवसा परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी ड्रम बडवते. गाणारा महापालिकेच्या शाळेत मास्तर आहे, मूळचा देवगडकडचा. गिटारवाला दादरचा कॅथलिक, शिवडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो.

आम्ही भेटलो ते गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत. गिटारवाला तेव्हा बेंजो वाजवायचा आणि पार्टीचा म्होरक्या होता. मी ताशावर. ताशाला पोरगी बघून लोक हसायचे, मग मी हात चालवला की गप्प बसायचे. मास्तर झांजेवर होता, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. आजही येत नाही, म्हणून तो गातो.

बेंजो पार्टीत आमचा एक नियम होता, आणि तो गिटारवाल्याने आमच्या हाडांत भिनवला होता. मिरवणूक कितीही रंगात असो, ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला की हात जागच्या जागी थांबले पाहिजेत. आधी त्याचा हात वर जायचा, मग सगळी वाद्यं बंद. गर्दी फाटायची, गाडी निघून जायची, आणि त्याचा हात खाली आला की सोडलेल्या ठोक्यावरून पुन्हा सुरू. परळ म्हणजे हॉस्पिटलांचं गाव. एका विसर्जनाला चौदा वेळा तरी थांबलो असू. कोणी एक ठोका जास्त मारला तर गिटारवाला पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलायचा नाही.

पुढे त्याला कुठूनतरी परदेशी बँडच्या कॅसेटी मिळाल्या आणि आमचं डोकं फिरलं. पहिला कार्यक्रम चाळीच्या सत्यनारायणाला. दुसऱ्या गाण्यात सेक्रेटरींनी वायर काढली आणि शिऱ्याचा द्रोण हातात देऊन आम्हाला खाली बसवलं. आई म्हणाली, "ह्येका गाणा नाय म्हणत, भांडाण म्हणतत." पण नंतरच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती कानात कापूस घालून पहिल्या रांगेत यायची.

प्रॅक्टिस मास्तरच्या खोलीत, पाच ते साडेसहा. तेव्हा चाळीत पाणी येतं. प्रत्येकाच्या हातात बादली, तक्रार करायला मोकळा कोण? साडेसहाला नळ गेला की आम्हीही बंद. आमची गाणीसुद्धा तिथलीच. एक पाण्याच्या पंपावर, एक टॉवरच्या वॉचमनवर, एक लोअर परळच्या मॉलमध्ये चप्पल बघून अडवतात त्यावर. एक कॅसेट निघाली, दोन सीड्या निघाल्या, मग गाणी फोनवर गेली. आमच्या मागून आलेल्या कॉलेजच्या पोरांचे किती बँड झाले आणि मोडले. कोणी अमेरिकेला गेलं, कोणाला लग्नानंतर अक्कल आली. आम्हाला ती आलीच नाही, म्हणून टिकलो.

तर असं सगळं झकास चाललेलं असताना गेल्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. सकाळी केसांना पिन लावताना जीव जायचा. मी कोणाला सांगितलं नाही. चाळिशी उलटलेली बाई आणि खांदा गेलेला, अशी ड्रमवाली ठेवणार कोण? गुपचूप शेक घ्यायचे, गोळी खायचे आणि वाजवायचे. आणि नेमकं तेव्हाच गिटारवाल्याने सुरू केलं, "जोरात मार ना." रोज तेच. जोरात मार, कुठे आहेस तू, झोपलीस का. मला वाटलं, झालं, ह्याला कळलं. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. नवऱ्यावर खेकसायचे, लॅबमध्ये पेशंटवर खेकसायचे. बँड गेला तर माझ्याकडे उरतं काय, लोकांच्या नसा शोधणं?

मग लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात उघड्यावर कार्यक्रम ठरला. त्याच्या आठ दिवस आधी तो एक डबी घेऊन आला. तिची वायर एका कानात घालायची, आत टक टक वाजत राहतं, त्या टकटकीबरोबर वाजवायचं. दोघांनी, त्याने आणि मी. माझं टाळकंच सरकलं. सव्वीस वर्षं मी ह्याला ताल दिला आणि आता डबी मला शिकवणार? मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो भांडला नाही. एरवी एकाला दोन शब्द परत देणारा माणूस, खाली बघून म्हणाला, एवढा एक शो कर. मी मनात म्हटलं, समजलं, हा माझा शेवटचा शो.

कार्यक्रमाला संध्याकाळी चार-पाचशे माणसं होती. स्टेज गेटला लागून, रस्ता डाव्या हाताला. गिटारवाला त्या बाजूला, डबीची वायर त्याच्या उजव्या कानात. पंपाच्या गाण्यात मध्ये एक हळू जागा आहे, नुसती गिटार आणि माझी झांज. तिथे पोचलो आणि रस्त्यावरून सायरन आला.

माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. पुढची ओळ घ्यायला उघडलेलं मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. भर कार्यक्रमात आम्ही दोघं पुतळ्यासारखे, कारण ॲम्ब्युलन्स जाते आहे! समोर लोकांना वाटलं ही गाण्यातलीच गंमत. गाडी गेटसमोर ट्रॅफिकमध्ये अडकलेली, सायरन बोंबलतोय, सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या. आणि गिटारवाला वाजवतोय. ज्याने आम्हाला थांबायला शिकवलं तो, गाडीपासून वीस पावलांवर, डावा कान रस्त्याकडे, मजेत वाजवतोय.

मी उठले, त्याच्या समोर गेले आणि हात वर केला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या लाल दिव्याकडे. तारांवरचा हात गळून पडला. त्याचा चेहरा मला बघवेना. गाडी गेल्यावर मी हात खाली केला, जागेवर जाऊन ठोका दिला आणि आम्ही गाणं पुरं केलं. लोकांनी शिट्ट्यांनी आवार डोक्यावर घेतलं.

कार्यक्रमानंतर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि विचारलं, कधीपासून?

"दीड वर्ष. डावा पूर्ण गेलाय," तो म्हणाला. "आधी वाटायचं तूच हळू मारतेस. मग डॉक्टरकडे गेलो. तेव्हापासून तुझे हात बघून वाजवतो. ते पण जमेना म्हणून डबी आणली. बोललो असतो तर तुम्ही दुसरा गिटारवाला बघितला असता ना."

"अरे गाढवा," मी म्हटलं, "मला वाटलं तू दुसरी ड्रमवाली बघतोयस." आणि भर रस्त्यात रडायला लागले. खांद्याचं सगळं सांगून टाकलं. मग मास्तरने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला की आता विषय निघालाच आहे तर त्यालाही काही सांगायचं आहे. गेली पाच वर्षं त्याला निम्म्या गाण्यांचे शब्द आठवत नाहीत, तोंडाला येईल ते तो ओरडतो. आम्हा दोघांना पत्ता नव्हता. हसून हसून गिटारवाल्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आत, नळ यायच्या आधी, आम्ही मास्तरच्या खोलीतलं लोखंडी कपाट ओढून दाराशी आणलं आणि इतकी वर्षं गिटारवाल्याच्या डाव्या हाताला असलेले ड्रम त्या जागी, त्याच्या उजव्या हाताला, लावले. मास्तरला आता उभं राहायला जागा नाही, तो गॅलरीतून गातो. पहिलं गाणं सुरू केलं आणि मी सवयीने मान वर करून पाहिलं. गिटारवाला माझ्या हातांकडे बघत नव्हता. तो डोळे मिटून वाजवत होता.