वसंताला मी दिलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वसंताला ओळखत नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत मोठमोठ्या गप्पा ठोकणाऱ्याला नावं ठेवायची रीतच होती. "पुड्या सोडतोस, लेका" हे तोंडावर म्हणायचं, हसत. थापाड्या म्हणायचं ते पोरांना, लाडानं. पण बाताड्या — हा शब्द पाठीमागे बोलायचा. तो एकदा चिकटला, की त्या माणसाने बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी लोक खिडकीतून हात काढून बघतात.

वसंता माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आम्ही दोघे ठाण्याच्या एकाच कचेरीत हंगामी कारकून. त्याला बोलायची भारी हौस — साहेब मला विचारल्याशिवाय सही करत नाहीत, शीळफाट्याकडे मामाची केवढी जमीन आहे. निम्मं खरं, निम्मा मीठमसाला. बाताड्या हे नाव त्याला मीच दिलं. चाळीने ते उचललं, आणि मला त्याची मौज वाटायची.

मग तो कायम झाला. मी झालो नाही. पत्र घेऊन तो आधी माझ्याकडे आला. मी ते दोनदा वाचलं — शिक्का, सही, सगळं. पाठीवर थाप मारली. आणि आत — आता लपवून काय करू? — मी जळत होतो.

त्याच आठवड्यात, रविवारी, कल्याणचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. वसंता त्यांची मुलगी पाहून आला होता. ती त्याच्या मनात भरली होती, हे मला ठाऊक होतं. तेव्हा स्थळाची चौकशी अशीच व्हायची. शेजाऱ्याकडे टेकायचं, पाणी मागायचं आणि हळूच विषय काढायचा. शेजाऱ्याने चार बरे शब्द बोलायचे, हेही ठरलेलंच. त्यांनी विचारलं, "नोकरी कायम झाली म्हणतो मुलगा. खरं ना?"

एक 'हो' पुरला असता. नाही का?

मी हसलो. म्हणालो, "बोलतो हो तो. आमच्या चाळीत त्याला बाताड्या म्हणतात."

खोटं म्हणाल तर त्यात एक अक्षरही नव्हतं. किती जपून बोललो होतो मी! त्यांनी पाणी संपवलं आणि वसंताच्या दाराकडे न बघता जिना उतरून गेले.

नकार आला, कारण कळवलं नाही. वसंता दोन दिवस कचेरीत गेला नाही. मग माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "तू आपला म्हणून विचारतो. मी फार बाता मारतो का रे?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं.

"जरा कमी बोलत जा," मी म्हणालो.

त्याने माझं ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं. पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झालं, कचेरीत बढती मिळाली — मला दरवेळी दुसऱ्यांकडून कळायचं. बायको माहेरी बाळंत झाली, मुलगा झाला, तेही मला दूधवाल्याने सांगितलं. मी धावत त्याच्या खोलीत गेलो. तो कपड्यांना इस्त्री करत होता.

"हो, झालाय," म्हणाला, आणि पुन्हा सदऱ्याची बाही सरळ करू लागला.

मी समोर बसून राहिलो.