बरोबर चुकणाऱ्या मुलांचे सर

मुलांच्या चुकांवर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या शिरूरमध्ये दुसरा नसेल. आमच्या शेजारचे हे सर डी.एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवायचे आणि शिकवून उरलेलं संध्याकाळी आळीतल्या पोरांवर खर्च करायचे. पसरट वाटीतलं दूध उंच पेल्यात ओतून विचारायचे, आता दूध वाढलं का तेवढंच? पोर "वाढलं" म्हणालं की सर खुलायचे. मला म्हणायचे, "बरोबर चुकला, वहिनी. या वयात असंच चुकायला पाहिजे." माझ्या चार वर्षांच्या पुतण्यानं "तेवढंच" म्हटलं, तर सर दोन दिवस खट्टू. कुणाच्या पोरीनं दुसरीची बाहुली ओरबाडली आणि आया भांडायला धावल्या, की सर मध्ये उभे राहून समजावायचे, ही आत्ता 'माझं' म्हणायला शिकली आहे, 'आपलं' म्हणायला जरा वेळ द्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी अनु तीन वर्षांची झाली तरी बोलेना. सासूबाईंनी तिला मुकी ठरवून टाकलं होतं. सरांनी आधी पुण्याला नेऊन तिचे कान तपासायला लावले. कान चांगले निघाले. मग ते रोज आमच्या ओट्यावर तिच्याशेजारी येऊन बसू लागले. एक वाक्य बोलायचे, आणि ती आता उत्तर देणारच, असे थांबायचे. बोलण्याआधी मुलाला ऐकणारं माणूस भेटावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी आतून बघायची. ते थांबले की माझ्या हातातलं लाटणंही थांबायचं.

पाच महिन्यांनी एकदा समोरून एसटी गेली, तसं त्यांनी विचारलं, "अनु, एसटी कुठं गेली?"

"नगरला," अनु म्हणाली.

एसटी पुण्याला गेली होती. कुणी दुरुस्त केलं नाही. सर नुसते चष्मा पुसत बसले, आणि मी पदर डोळ्याला लावला.

निवृत्तीनंतर सर दौंडकडं, राहूला आपल्या गावी गेले. अनु कॉलेजात असताना आम्ही त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. अनु तासभर त्यांच्या कानाशी बोलत होती, सर मान डोलवत होते. मी त्यांच्या पत्नीला हळूच विचारलं, एवढं ऐकू येतं का अजून?

"कुठलं वो. काय बी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण ती बोलतीया तवर हलायचे न्हाईत."

लवकर परत यायचं ठरवून आम्ही निघालो. मग अनुच्या परीक्षा आल्या, मग तिची नोकरी. आमचं जाणं राहिलं, आणि सर गेल्याचं फोनवर कळलं. आजही राहूवरून जाणं होतं. गाडी त्या घराच्या वळणाशी आली की मी उगाच हळू करायला सांगते.